काळाच्या पुढे असल्याचं समाधान

2010 च्या पावसाळ्यातला एक शनिवार. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघं मित्र ताडपत्री अंथरून बसलो होतो. पहाटे पाचला जुन्नरहून निघालेला छोटा हत्ती चाकणला अडकून नऊ वाजता पोचला होता. क्रेटमधली कोथिंबीर वरून हिरवीगार, पण जुडी सोडली की आतून काळी पडायला लागलेली. मित्र काट्यावर भेंडी तोलत होता आणि मी वहीत बघून पिशव्यांवर फ्लॅटचे नंबर लिहीत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू खाली आल्या, पिशवीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अरे, गवार नको म्हटलं होतं ना मी फोनवर." वहीत मात्र गवार अर्धा किलो होती. बिल झालं 185 रुपये. त्यांनी पाचशेची नोट पुढे केली, आमच्याकडे सुट्टे नव्हते. "राहू दे, पुढच्या शनिवारी एकदम देते." पुढच्या शनिवारी त्यांच्या दाराला कुलूप होतं.

शेतातली भाजी थेट घरी, मध्ये कुणी नाही, अशी आमची कल्पना. साठ कुटुंबं जोडली होती. चौदा महिन्यांनी ते सगळं बंद केलं, तेव्हा जवळच्या माणसांनी पाठीवर हात ठेवून एकच वाक्य सांगितलं: "तुमची कल्पना काळाच्या पुढे होती." पुढे घरपोच भाजी देणाऱ्या कंपन्या आल्या, त्यांच्या पिशव्या त्याच सोसायटीच्या गेटवर दिसू लागल्या, तसं ते वाक्य मला आणखी खरं वाटू लागलं. बरीच वर्षं मी ते मनाशी धरून होतो.

आज मला ते वाक्य खोटं वाटतं, आणि घातकही. धंदा बुडाला की माणूस कारण शोधतो. शोधता शोधता हाताला काहीतरी लागतं आणि पुढच्या वेळी ते उपयोगी पडतं. "काळाच्या पुढे होतो" म्हटलं की शोध तिथेच थांबतो. दोष काळाचा ठरतो, आणि काळाला काही विचारता येत नाही.

आमचं काय अडलं होतं? ऑर्डर घ्यायला गुरुवारी रात्री साठ फोन करावे लागत. त्या सोसायटीत तेव्हा कुणाच्या फोनवर व्हॉट्सॲप नव्हतं. फोनवर ऐकलेलं वहीत उतरताना चुकायचं. पैसे रोख, म्हणजे सुट्ट्यांची रड आणि वसुलीच्या फेऱ्या. शेतकऱ्याकडून माल थेट उचलायचा तर बाजार समितीच्या कायद्याचं कोडं. आणि बांधापासून पार्किंगपर्यंत थंडावा कुठेच नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे सुटल्या, त्यातल्या तीन तर एकाच वर्षात. यूपीआय आलं एप्रिल 2016 मध्ये. फळं आणि भाजीपाला महाराष्ट्रात नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक मिळाली, जुलै 2016 मध्ये. जिओ सुरू झालं सप्टेंबर 2016 मध्ये आणि डेटा इतका स्वस्त झाला की घरकामाला येणाऱ्या मावशींच्या हातातही इंटरनेट आलं. हे सगळं येणार, हे मला 2010 मध्ये कळणं शक्य नव्हतं. पण ते आज नाही, एवढं दिसत होतं. पाचशेची नोट समोर होती, काळी कोथिंबीर हातात होती. ते बघायला ज्योतिषी लागत नव्हता.

मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्या महिन्यात तिथल्याच एका आजींनी सुचवलं होतं, "तुम्ही हे फोन-बिन कशाला करता? दर शनिवारी ठरलेली पिशवी द्या. ज्या भाज्या चांगल्या आल्या असतील त्या घाला. महिन्याचे पैसे आधी घ्या, दुधाच्या कार्डासारखे." म्हणजे फोन नको, वहीतली चूक नको, सुट्टे नकोत. पुण्यात दुधाचं कार्ड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, लोकांना ते नव्याने शिकवायची गरज नव्हती. आम्ही नकार दिला. आम्हाला ग्राहकाला निवड द्यायची होती, आम्हाला कंपनी काढायची होती. आमच्या कल्पनेच्या एका तुकड्याची वेळ 2010 मध्ये खरोखर आलेली होती. तो तुकडा एका बाईने उचलून आमच्या हातात दिला आणि आम्ही तो खाली ठेवला.

म्हणून "या कल्पनेची वेळ आली आहे का?" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. त्याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं, आणि दोन्ही उत्तरं माणसाला फसवतात. विचारायला हवं ते असं: या कल्पनेच्या किती भागाची वेळ आली आहे? बाकीचा भाग कशावाचून अडला आहे, ते कोण उभं करणार आहे, आणि तोवर मी कशावर जगणार आहे?

बंगळूरची एक गोष्ट या बाबतीत शिकण्यासारखी आहे. 1999 मध्ये सहा जणांनी फॅबमार्ट नावाचं ऑनलाइन दुकान काढलं. त्या वेळी देशातले एक टक्का लोकही इंटरनेटवर नव्हते. जे होते त्यांच्या घरी मोडेम किरकिरत जोडला जायचा आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून बसायचा. क्रेडिट कार्ड मोजक्यांकडे, आणि त्याचा नंबर संगणकात टाकायची भीती सगळ्यांना. त्यांनी किराणाही ऑनलाइन विकून पाहिला. ते जमेना, तेव्हा त्यांनी फॅबमॉल या नावाने साधी, रस्त्यावरची किराणा दुकानं काढली. दुकानांची साखळी वाढली आणि 2006 मध्ये ती आदित्य बिर्ला समूहाने घेतली. पुढे डिसेंबर 2011 मध्ये त्याच सहांपैकी चौघांनी, हरी मेनन, व्ही. एस. सुधाकर, विपुल पारेख आणि व्ही. एस. रमेश यांनी, अभिनय चौधरींना बरोबर घेऊन पुन्हा ऑनलाइन किराणा सुरू केला. तोच बिगबास्केट. 2021 मध्ये त्यातला मोठा हिस्सा टाटांकडे गेला.

माणसं तीच, शहर तेच, कल्पनाही जवळजवळ तीच, आणि मध्ये बारा वर्षं. "बघा, वेळेचाच सगळा खेळ," असं म्हणून ही गोष्ट नेहमी इथेच संपवली जाते. पण त्याच घरातून निघालेली दुसरी वाट फारसं कुणी सांगत नाही. सहांपैकी के. वैतीश्वरन यांनी ऑनलाइन दुकान सोडलं नाही. ते पुढे इंडियाप्लाझा या नावाने चालवलं. ते वेळेच्या आधी आले होते आणि वेळ येईपर्यंत टिकलेही. तरी 2013 मध्ये, देशात ऑनलाइन खरेदी भरात येत असताना, इंडियाप्लाझा बंद पडलं. तोवर 2007 मध्ये पुस्तकं विकण्यापासून सुरुवात केलेली फ्लिपकार्ट मोठ्या भांडवलानिशी मैदानात होती. तिने 2010 मध्ये माल हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय केली आणि कार्डाची अडचण बाजूला सारली. नुसतं वाट बघत बसणं पुरेसं नसतं. मला वाटतं, त्या चौघांच्या हाती मधल्या काळात किराणा मालाचं ज्ञान आलं: डाळ कुठून घ्यायची, नुकसान किती धरायचं, बाई टोमॅटो कसा निवडते. ज्या तुकड्याची वेळ आलेली होती, म्हणजे साधं दुकान, तो त्यांनी आधी केला.

त्याच 1999 साली अमेरिकेत वेबव्हॅनने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात घरपोच किराणा सुरू केला. तिथे इंटरनेट होतं, कार्डं होती, रस्ते होते. वेबव्हॅनने प्रचंड स्वयंचलित गोदामं उभारायचं ठरवलं. 26 गोदामांसाठी बेक्टेल या बांधकाम कंपनीशी 1 अब्ज डॉलरचा करार केला. जुलै 2001 मध्ये दिवाळं निघालं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टेस्को ही दुकानांची साखळी तेच काम करत होती, पण गोदामं न बांधता. तिची माणसं तिच्याच दुकानांतल्या फळ्यांवरून वस्तू उचलून टोपलीत भरायची आणि गाडीने घरी पोचवायची. ते टिकलं आणि वाढलं. मग वेळ आली होती की नव्हती? टेस्कोच्या आकाराची आली होती, वेबव्हॅनच्या आकाराची आली नव्हती.

आपल्याकडे हे शंभर वर्षांपूर्वी घडून गेलं आहे. बेळगावात 1888 मध्ये सायकलींच्या दुकानाने सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर बनवला. शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असा समज होता. नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. आजच्या भाषेत कुणी म्हणेल, लोखंडी नांगर काळाच्या पुढे होता. पण लक्ष्मणराव नुसत्या नांगरावर बसून नव्हते. कडबा कापायचं यंत्रही ते बनवत होते. कडबा कापल्याने जमिनीला काही होत नाही, बैल तर जास्त खातो आणि वाया कमी जातं, हे शेतकऱ्याला गोठ्यात उभं राहून दिसत होतं. यंत्राची वेळ आली होती, नांगराची यायची होती. 1910 मध्ये औंध संस्थानच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा कारखान्याला श्वास घ्यायला जागा मिळाली. नांगराने जमीन बिघडत नाही हे शेतकऱ्यांना शेजारच्या वावरात बघून पटायचं होतं, आणि ते पटायला हंगाम जावे लागतात. हंगामाला घाई करता येत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सगळं जुळून येईपर्यंत थांबलं तर नवीन काही होणारच नाही, काळ घडवणारी माणसंही असतात की! असतात. लक्ष्मणराव त्यातलेच. पण काळ घडवणाऱ्या माणसाचं पोट कशावर भरत होतं, हे आपण विचारत नाही. कडबा कापायचं यंत्र आणि राजाने दिलेलं माळरान गोष्टीतून गाळलं, तर उरते फक्त जिद्द. मग वीस-बावीस वर्षांची मुलं घरची जमीन गहाण टाकून जिद्दीवर धंदा काढतात. मी अशी घरं पाहिली आहेत. त्या घरांत नंतर दोन वर्षं कुणी मोठ्याने बोलत नाही.

"थांबलो तर दुसरा येईल" ही भीतीही मला तितकी खरी वाटत नाही. फ्लिपकार्ट फॅबमार्टनंतर आठ वर्षांनी आली. उशिरा येणाऱ्याला आधीच्यांनी तुडवलेली वाट मिळते.

स्टार्टअपच्या मेळाव्यांत एक आकडा हमखास ऐकू येतो. नव्या कंपन्या उभ्या करणाऱ्या आयडियालॅबचे संस्थापक बिल ग्रॉस यांनी 2015 मध्ये एका भाषणात सांगितलं होतं की दोनशेच्या आसपास कंपन्या तपासल्यावर यशापयशाच्या फरकात वेळेचा वाटा 42 टक्के निघाला, कल्पना, माणसं आणि पैसा या सगळ्यांहून जास्त. आकडा चटकदार आहे. पण तो निकाल लागल्यावर काढलेला आहे. कंपनी चालली की तिची वेळ योग्य होती असं ठरतं, बुडाली की अयोग्य. सामना संपल्यावर नाणेफेकीचं महत्त्व सांगण्यासारखं हे झालं. उद्या सकाळी दुकान उघडणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

त्याला उपयोगी पडतं ते कंटाळवाणं काम. एका कागदावर लिहायचं: माझी कल्पना चालायला माझ्या हातात नसलेल्या कोणकोणत्या गोष्टी लागतात? वीज, रस्ता, नेटवर्क, पैसे देण्याची पद्धत, कायदा, लोकांची सवय, एखाद्या सुट्या भागाची किंमत. प्रत्येकीसमोर लिहायचं, ती आज माझ्या ग्राहकाच्या दारात आहे का. देशात आहे का, हा प्रश्न नाही. दारात. आणि लिहायचं ते जाऊन बघून.

विजेच्या गाड्यांचंच बघा. बंगळूरची रेवा 2001 मध्ये रस्त्यावर आली. तिच्यात शिशाच्या जड बॅटऱ्या होत्या, एका चार्जिंगमध्ये ऐंशीएक किलोमीटर. ती फार थोड्या लोकांनी घेतली आणि 2010 मध्ये कंपनी महिंद्रांकडे गेली. पुढच्या दहा वर्षांत लिथियम बॅटरीची किंमत किलोवॉट-तासामागे हजार डॉलरच्या वरून दीडशेच्या खाली उतरली, आणि पुण्यात तयार होणारी टाटांची विजेवरची नेक्सॉन 2020 मध्ये बाजारात आली. रेवाच्या कागदावर अडलेली मोठी ओळ एकच होती, बॅटरी. एवढी मोठी गोष्ट अडली असेल तर तिच्या किमतीच्या उताराकडे वर्षानुवर्षं डोळा ठेवता येतो. सवयीचा उतार असा मोजता येत नाही, तिथे माणसांत जाऊनच बसावं लागतं.

पैसा या सगळ्यात खोटी साक्ष देतो. 2014-15 च्या सुमारास आपल्याकडे घरपोच किराण्याची लाट आली. मुंबईची लोकलबनिया 2015 मध्ये थांबली, गुडगावची पेपरटॅप 2016 मध्ये. तेव्हा शंभर रुपयांच्या मालावर मोठी सूट मिळायची आणि ऑर्डरींचा आलेख चढत जायचा. तो आलेख बघून सगळे म्हणत, वेळ आली. पण फुकट वाटलेल्या प्रसादाला रांग लागली म्हणून मिठाईचं दुकान चालेल असं नसतं. गुंतवणूकदाराच्या पैशाने नसलेली सवय आहे असं भासवता येतं, सूट थांबली की ती सवय नव्हतीच हे कळतं. आपला ग्राहक पूर्ण किंमत देतो का, आणि त्रास झाला तरी पुन्हा येतो का, एवढंच खरं. आमच्या साठ घरांतली अकरा घरं काळी कोथिंबीर बघूनही पुन्हा पुन्हा घ्यायची. तेव्हा आम्ही न घेणाऱ्यांचा विचार करत बसलो. त्या अकरांना का हवं होतं, हे विचारायला गेलोच नाही.

आणखी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. आलेली वेळ जाऊही शकते. पैसे लावून क्रिकेटचा आपला संघ निवडायचा खेळ चालवणारी, मुंबईत वाढलेली ड्रीम11 वर्षानुवर्षं चालली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आल्यावर तिचा मूळ धंदा काही दिवसांत थांबला. आज दहा मिनिटांत सामान आणून देण्याचा धंदा जोरात आहे. तो कशावर टेकला आहे? स्मार्टफोन, यूपीआय, दाट वस्ती, आणि पावसात दुचाकी हाकणारा मुलगा, ज्याला दुसरीकडे काम मिळत नाही. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात अशा प्रकारचं काम करणारे 77 लाख लोक 2020-21 मध्ये होते असं म्हटलं आहे. त्या मुलाला विमा, रजा आणि नीट मजुरी मिळाल्यावरही ज्या धंद्याचं गणित बसेल, त्याची वेळ आली आहे असं मी मानेन. दुसऱ्याच्या अडचणीवर टेकलेल्या धंद्याला "योग्य वेळ साधली" म्हणायला माझं मन धजत नाही.

आता सरकारकडे वळतो, कारण हा प्रश्न एकट्या उद्योजकाचा नाही. 16 जानेवारी 2016 ला स्टार्टअप इंडिया सुरू झालं. महाराष्ट्राने 2018 मध्ये स्वतःचं धोरण आणलं. नोंदणी झालेल्या स्टार्टअपच्या संख्येत आपलं राज्य देशात पहिलं आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत स्पर्धा होतात, मुलं व्यासपीठावर येतात, परीक्षक विचारतात बाजार किती मोठा, किती पट वाढेल. हे वाईट नाही. पण नव्या धंद्यांना गेल्या दहा वर्षांत सगळ्यात मोठा हात कुठल्याही स्पर्धेने दिलेला नाही. तो दिला यूपीआयने, जे रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या एनपीसीआय या संस्थेने सगळ्यांसाठी सारखं खुलं ठेवलं. चहाच्या टपरीपासून मोठ्या कंपनीपर्यंत महिन्याला दीड हजार कोटींहून जास्त व्यवहार त्यावरून होतात. सातबारा डिजिटल सहीसह घरबसल्या मिळू लागला, त्याने तलाठ्याकडचे हेलपाटे तर वाचलेच, शिवाय शेतीकर्जाच्या आणि विम्याच्या कितीतरी कल्पनांना पाय टेकायला जागा झाली. एका सार्वजनिक सोयीने हजार कल्पनांची वेळ एकदम येते. बक्षिसाच्या धनादेशाने एकाचीही येत नाही.

मग आज ग्रामीण महाराष्ट्रात काय नाही? शेतीपंपाला दिवसा खात्रीची वीज अजून सगळीकडे नाही. सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून त्यासाठीच चालू आहे आणि तिचा वेग हाच माझ्या मते राज्याच्या स्टार्टअप धोरणाचं खरं मोजमाप आहे. गावात किंवा दोन-चार गावांत मिळून माल थंड ठेवायला खोली नाही. भाजीत औषधाचा अंश किती आहे हे तासाभरात आणि परवडेल अशा पैशात सांगणारी प्रयोगशाळा तालुक्याला नाही. या तीन गोष्टी ज्या तालुक्यात होतील, तिथल्या मुलांना व्यासपीठावर बोलवायची गरज पडणार नाही.

गेल्या दिवाळीनंतर सांगोल्याकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. इंजिनिअर झालेला, वडिलांची चार एकर डाळिंबाची बाग. डाळिंबाच्या क्रेटचा फोटो काढला की फळाची प्रत सांगणारं ॲप त्याने बनवलं होतं. दूरच्या व्यापाऱ्याने फोटोवरूनच भाव ठरवावा, आडत आणि वाहतुकीतली लूट थांबावी, हा त्याचा हेतू. "काका, याची वेळ आलीय का?" त्याने विचारलं. आम्ही दोघांनी बसून कागद केला. फोन आहे, नेटवर्क आहे, पैसे तिथल्या तिथे मिळतात. सालीवरचा तेल्या रोग फोटोत दिसतो. एक ओळ कोरी राहिली: फोटो बघून व्यापारी विश्वास ठेवतो का, आणि माल पोचल्यावर त्याने भाव पाडला तर काय. ती ओळ घरी बसून भरण्यासारखी नव्हती. मी त्याला म्हटलं, ॲप महिनाभर बाजूला ठेव आणि रोज सकाळी लिलावाला जाऊन उभा राहा. काही विकायचं नाही, कुणाला काही शिकवायचं नाही.

पंधरा दिवसांनी त्याचा मेसेज आला. तो जसाच्या तसा देतो. "काका, व्यापारी वरचं फळ बघतच नाही. क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून तळातलं फळ काढतो, ते फोडतो आणि मग बोली लावतो. मी इतके दिवस वरच्या थराचे फोटो काढत होतो."